अबोलीच्या हनुवटीखाली

पौष महिना म्हणजे लग्नाच्या फोटोग्राफरचा वनवास. मुहूर्त नाहीत म्हणून मांडव नाहीत, मांडव नाहीत म्हणून मी घरी, आणि मी घरी असलो की बायकोला वर्षभर राहिलेली सगळी कामं एकदम आठवतात. यंदा माळा आवरायचं घाटत होतं. तेवढ्यात माझी भाची मृण्मयी हिचा हॉलंडहून फोन आला. "मामा, तीन दिवस मोकळा आहेस का? कोळवणला जाऊन फोटो काढशील?" मी ज्या चपळाईने हो म्हणालो, त्या चपळाईने मी माझ्या लग्नालाही होकार दिला नव्हता. कुणाचे फोटो, हे नंतर विचारलं.

मृण्मयी हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. चार वर्षांपूर्वी तिने कोळवणला छोटंसं फार्महाऊस घेतलं. लोक अशा ठिकाणी आंबा लावतात, फार तर एखादं कुत्रं पाळतात. हिने पाली पाळल्या. पाली, सरडे आणि साप. सगळे परदेशी वाणाचे, पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले, आणि प्रत्येकाच्या सरकारी नोंदीचा कागद तिच्या फायलीत. आपल्या कुंपणावरचा साधा सरडा पाळायला मात्र कायद्याने बंदी आहे, हे ज्ञानही तिचंच. या शौकिनांचं सगळं वेड रंगाचं. पाल एकाच जातीची, पण एक संत्र्यासारखी, एक दुधासारखी, एक ठिपक्यांची, एक बिनठिपक्यांची. आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसे हे लोक रंग जुळवून जोडपी लावतात आणि पिल्लाच्या रंगाची वाट बघत बसतात.

आता कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी हॉलंडला धाडलं होतं आणि घरासकट हा सगळा गोतावळा इंदूबाई या तिथल्याच बाईंच्या हवाली होता. मृण्मयी म्हणाली, "मामा, पंधराही जणांचे चांगले फोटो हवेत. रंग अगदी जसाच्या तसा. पुण्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवायचेत. हे प्राणी कण्हत नाहीत की कुंथत नाहीत, आजार आधी कातडीवर दिसतो. इंदूबाई म्हणताहेत, अबोलीला काहीतरी झालंय, खात नाहीये. पण फोनवर मला काही कळत नाही, पेटीतल्या तापत्या दिव्याखाली सगळं लालभडक येतं. डॉक्टर म्हणाल्या, थंडीत उगाच प्रवास नको, आधी फोटो बघू."

एवढ्या बोलण्यातले 'चांगले फोटो' हे दोन शब्द तेवढे माझ्या कानात शिरले. बाकीचे बाहेरच राहिले. मी पालीला घाबरतो, हे मी तिला सांगितलं नाही. आमच्या घरी पाल दिसली की बायको झाडू घेते आणि मी स्टूल घेतो. स्टूल चढण्यासाठी.

भूगाव

मृण्मयीने एक काम सोबत दिलं होतं : वाटेत भूगावला एका ओळखीच्या फ्लॅटमधून प्राण्यांच्या खाऊचा डबा उचलायचा. भूगावात मी बरीच लग्नं केली आहेत, पण दर खेपेला गाव नवंच भेटतं. मागच्या वेळी जिथे कार्यालयाचं पार्किंग होतं, तिथे आता सात मजले उभे होते. त्यांतल्या पाचव्या मजल्यावर एका काकूंनी भोकं पाडलेला खोका माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. दार लावायची घाई बघूनच मला शंका यायला हवी होती.

पिरंगुट ओलांडलं आणि गाडीतून आवाज यायला लागला. किर्रर्र, किर्रर्र, थोडा थांबून पुन्हा किर्रर्र. मला गाडीतलं स्टेअरिंग आणि हॉर्न सोडून काही कळत नाही, पण इंजिनाचा पट्टा सैल झाला की असा आवाज येतो, हे कुठेतरी ऐकलेलं. पौडला गॅरेजवर गाडी लावली आणि मेकॅनिकला जाणकाराच्या थाटात म्हणालो, "पट्टा गेलाय, बघा जरा."

त्याने बॉनेट उघडलं, आत कान लावला, मग माझ्याकडे बघत सावकाश म्हणाला, "सायेब, इंजन बंद हाय. आवाज चालूच हाय."

मग तो मागे गेला. खोक्याचं झाकण बोटभर उचलून बघितलं आणि ओरडला, "आयला! रातकिडं! ह्ये इकत आनल्यात तुमी?"

"भाचीचे आहेत," मी म्हणालो. याने खुलासा होण्याऐवजी गोंधळ वाढला.

"आमच्याकडं यायचं की. पोतं भरून दिलं असतं फुकाट."

गॅरेजवरचे, शेजारच्या वडापावच्या गाडीवरचे, एसटीची वाट बघणारे, असे सगळे येऊन खोक्यात डोकावून गेले. पुण्याची माणसं आता रातकिडेही विकत घेतात, ही बातमी माझ्याआधी कोळवणला पोचली असणार.

कोळवण, पहिला दिवस

भात कापून झालेलं कोळवणचं खोरं पौषात पिवळट आणि निवांत असतं. खाचरांत नुसते बुडखे, बांधावर पेंढ्याच्या गंजी, कुठे पावट्याची हिरवी पट्टी, आणि समोर तिकोना गडाचं टोक. मधूनच शहरातल्या कुणाचं तरी लोखंडी फाटक आणि 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी. आमच्या फाटकावर पाटी नव्हती. खरी पाटी लावली असती तर पोस्टमनही आला नसता.

इंदूबाई पन्नाशीच्या. साडीवर नवऱ्याचा स्वेटर, डोक्याला रुमाल. नवरा शंकरराव पौड-कोळवण जीप चालवतो. मृण्मयी मला मामा म्हणते म्हणून इंदूबाईंनीही मामाच म्हणायचं ठरवलेलं दिसलं.

"या मामा. आलं का आमचं किडं?"

आधी किडे, मग मी. पाणी मात्र त्यांनी आधी मला दिलं. चहा टाकता टाकता सांगितलं की हे घर जिथे आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं खाचर होतं. "ह्या खोलीत मी लगीन होऊन आले त्या वरसापास्नं भाताची आवणी केलीया. गुडघाभर चिखुल. आता हितं पाली हायेत. पालीस्नी चिखुल लागत न्हाई, तेवडं एक बरं हाय." तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगून त्या साखर शोधायला लागल्या.

मग प्राण्यांची खोली. भिंतीला लागून काचेच्या पंधरा पेट्या, प्रत्येकीत एक तापता दिवा, आणि आत असे रंग की मला क्षणभर लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. हे इंदूबाईंनाही वाटलं असावं. मृण्मयीच्या वहीत या रंगांना लांबलचक इंग्रजी नावं आहेत, ती बोलताना यांची जीभ अडखळायची, म्हणून यांनी सगळ्यांचं साड्यांच्या रंगांवरून बारसं करून टाकलं. श्रीखंडी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोतिया.

"हा पांढरा सुरेख आहे," मी एका पालीकडे चार हात लांबून बघत म्हणालो.

"पांढरा न्हाई. मोतिया," इंदूबाई म्हणाल्या. "पांढरा येगळा असतुया."

फोटोग्राफर म्हणून रंगांवर बोलायचा मक्ता माझा, अशी माझी समजूत होती. ती तिथल्या तिथे गेली.

सगळ्यात कोपऱ्यातल्या पेटीत अबोली होती. ही दाढीवाल्या सरड्याची मादी. दाढी म्हणजे गळ्याखालच्या काटेरी खवल्यांची झालर. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, आणि रंग खरोखर अबोलीच्या फुलाचा. मी वाकलो तसा तिने एक पुढचा पाय उचलून हवेत हळूच गोल फिरवला. मीही हात हलवला.

"घाबरली की असा हात करती ती," इंदूबाई म्हणाल्या. "म्हन्ती, मी लहान हाय, मला मारू नगं. आदी लई चपळ व्हती वो. आता बगा, उटत बी न्हाई. आट दिस झालं, भोपळ्याला तोंड लावलं न्हाई. ताईंना रोज सांगते मी."

मी मान हलवली आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करता येतील, ते विचारलं.

सापांना नागपंचमीला काय करता, असं विचारल्यावर मात्र त्या हसल्या. श्रावणात वाडीतल्या बायका हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन फाटकाशी आल्या होत्या. आत दोन साप आहेत म्हटल्यावर वारुळापर्यंत कशाला जा? इंदूबाईंनी त्यांना बाहेरूनच परत पाठवलं. "म्हनलं, ह्यो परदेशी हाय, दूध पीत न्हाई, कुंकू लावलं तर डोळं चोळायला हात न्हाईत त्याला." तरी एकजण लाह्या उंबऱ्यावर ठेवून गेलीच.

रात्रीचं जेवण सातलाच : चुलीवरची भाकरी, पावट्याची आमटी, इंद्रायणीचा भात. भातावर घालायला दही असेल म्हणून मी स्वतः उठून फ्रीज उघडला. आम्रखंडाचा डबा दिसला. पाहुण्यापासून आम्रखंड लपवून ठेवलंय, अशा समजुतीने मी झाकण काढून चमचा घातला. आत कोंडा होता आणि कोंडा वळवळत होता. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो शंकररावांनी पुढे दोन दिवस जीपमधल्या प्रवाशांना करून दाखवला, असं कळतं. पालींसाठीच्या अळ्या गारव्यात झोपून राहतात म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात, हे ज्ञान मला चमच्यासह मिळालं.

दुसरा दिवस

मुळशीतली थंडी पुण्यात राहून कळत नाही. पाली बत्तीस अंशांत आणि मी एका गोधडीत. पहाटे माझ्या पायांची बोटं आहेत की नाहीत, ते चाचपून बघावं लागलं. शेवटी साडेसहाला मी खुर्ची उचलली आणि भीतीबिती गुंडाळून सरळ प्राण्यांच्या खोलीत जाऊन बसलो. ऊब मिळाली की माणूस कुणाच्याही शेजारी बसतो. इंदूबाई आल्या तेव्हा मी आमसुली अजगराच्या पेटीला पाठ लावून पेंगत होतो.

काम सुरू केलं. मी लग्नाचंच सगळं सामान घेऊन आलो होतो : छत्रीचे दोन दिवे, दागिने मांडायचं काळं मखमल, आणि सवयीने गाडीत राहिलेली झेंडूच्या कागदी फुलांची माळ. माळ बघून इंदूबाई म्हणाल्या, "लगीन लावताय व्हय त्येंचं?" मी ती गुपचूप पिशवीत घातली.

पण तोंडाची सवय कशी जाणार? मोतियाला मखमलावर ठेवलं आणि मी म्हणालो, "मान थोडी डावीकडे. हनुवटी वर. छान." आणि काय सांगू, तिने केलं! या पालींना पापण्या असतात आणि तोंडाची ठेवण जन्मजात हसरी. फोटोसाठी हसा म्हणून इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, आणि इथे एक पाल न सांगता हसत होती. दहा वाजेपर्यंत मी तिच्यापासून दोन हातांवर आलो. अकरा वाजता एक हात. अजगर छत्रीच्या दिव्याच्या उबेला जाऊन वेटोळं घालून बसला आणि पाऊण तास हलला नाही, पण नवरीचा मेकअप व्हायची वाट बघण्यात माझं आयुष्य गेलंय, मला त्याचं काही नाही. डाळिंबी नावाच्या दुसऱ्या दाढीवाल्या सरड्याने मला बघून दाढी काळीकुट्ट केली. त्याची रागाने होते. माझी महिन्यातून एकदा, कलपाने.

अबोली शेवटी. इंदूबाईंनी तिला दोन्ही हातांच्या ओंजळीत आणलं, मखमलावर ठेवलं आणि बोट तिच्या हनुवटीखाली धरलं. "मामा, हितं बगा. जबड्याच्या खालती. डाग हाय बगा. त्यो नीट दिसला पायजे."

मी दिवा सरकवत होतो. मान न वळवता म्हणालो, "काळजी करू नका, ते माझ्यावर सोडा."

हे वाक्य मी आजवर किती वधूमातांना ऐकवलं असेल! हळदीच्या आदल्या दिवशी मुलीच्या गालावर पुटकुळी येते, आई मला कोपऱ्यात घेते, "तेवढं बघा हं," म्हणते, आणि मी हेच म्हणतो. इंदूबाईंना वाटलं, या माणसाला कळलं, आता डॉक्टरांना कळेल. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी फोटो घेतले. उत्तम आले.

जेवण झाल्यावर दुपारी त्याच उबदार खोलीत लॅपटॉप मांडून बसलो. पंधरा प्राण्यांचे फोटो साफ करायला तीन तास लागले. काय साफ करतो आम्ही? धूळ, केस, कुंकवाचा फराटा, पुटकुळ्या. मोतियाच्या पाठीवरचा कोंड्याचा कण पुसला. अंजिरीच्या शेपटीवरची सुटू लागलेली कात पुसली. अबोलीच्या हनुवटीखाली मळकट पिवळा, खरबरीत डाग होता, दाण्याएवढा. भोपळ्याचा कीस वाळून चिकटला असेल, असं मला वाटलं. भोपळ्याला ती आठ दिवस तोंड लावत नव्हती, हे मला सांगितलेलं होतं. मी तो डाग पुसला. नुसता पुसला नाही, शेजारचे खवले एकेक करून त्या जागी बसवले. वीस मिनिटं खर्ची घातली. शिवाय लग्नाच्या सवयीने चेहरा दोन छटा उजळ केला.

आणि हे सगळं चालू असताना अबोली माझ्या उजव्या हाताला तीन फुटांवर तिच्या पेटीत बसली होती. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. पण आम्ही फोटोवाले माणसाकडे एकदाच बघतो, नंतर सगळं पडद्यावर.

फोनला रेंज फक्त गच्चीतल्या पाण्याच्या टाकीपाशी मिळते. तिथे उभं राहून फोटो पाठवले. तासाभरात, मी तिथेच घुटमळत असताना, मृण्मयीचा फोन : "मामा, कमाल! डॉक्टरांनीही बघितले. सगळे ठणठणीत दिसताहेत म्हणाल्या. अबोलीसुद्धा. थंडीने भूक कमी होते म्हणे, थांबू या पंधरा दिवस." मग तिने इंदूबाईंना बोलवायला सांगितलं. मी फोन स्पीकरवर टाकला.

"इंदूबाई, उगाच घाबरता हो तुम्ही. एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यातही काही दिसत नाहीये. मला इतक्या लांब किती काळजी लागून राहिली होती!"

इंदूबाई "बरं ताई" म्हणून जिना उतरून गेल्या. रात्री जेवायला वाढलं, पण आग्रह नाही. शंकररावांनी माझ्या किंकाळीची नक्कल केली, त्यालाही हसल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या असतील. आपल्या कामाचं कौतुक झालेला माणूस दुसऱ्याकडे कितपत बघतो?

तिसरा दिवस

सकाळी मी सामान गाडीत भरत होतो. इंदूबाई पदराला हात पुसत आल्या.

"मामा, जायच्या आदी मला त्यो फोटू दावा. अबोलीचा."

मी आनंदाने लॅपटॉप उघडला. कलावंताला प्रेक्षक हवाच असतो. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग पडद्यावर बोट ठेवलं, नेमकं हनुवटीखाली.

"हितला डाग कुटं गेला?"

"काढला ना," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे लिहिताना आता कान गरम होताहेत. "बघा किती स्वच्छ आलंय. कुणाला कळणारही नाही."

इंदूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी रातभर इचार करत व्हते, मामा. म्हनलं माजंच डोळं गेलं. इतक्या म्होट्या क्यामेऱ्याला दिसत न्हाई, डाक्टरांना दिसत न्हाई, मंग मलाच कसं दिसतंय? आन्‌ तुमी पुसला व्हय त्यो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून पेटीपाशी गेलो आणि आल्यापासून पहिल्यांदा अबोलीची हनुवटी नुसत्या डोळ्यांनी बघितली. डाग होता. पुसलेल्या डागापेक्षा मोठा वाटला. कडेचे खवले पिवळे पडून उचलले होते. तिने पाय उचलून हवेत फिरवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"सरडा रंग बदलतुया म्हन्त्यात," इंदूबाई मागून म्हणाल्या, "हितं तर फोटूवालाच निगाला."

खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की सामान भरलेलंच आहे, निघावं. मृण्मयी खूश, डॉक्टर निश्चिंत, पंधरा दिवसांनी काय व्हायचं ते थंडीच्या नावावर जाईल. हा विचार माझ्या मनात आला याची मला लाज वाटते. इंदूबाई तिथे उभ्या नसत्या तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

धावत गच्चीवर गेलो. हॉलंडमध्ये तेव्हा पहाट होती. भाचीला झोपेतून उठवून सांगितलं की तिच्या मामाने काय दिवे लावलेत. ती एवढंच म्हणाली, "मामा, मूळ फोटो पाठव. आत्ता." टाकीला टेकून मी मूळ फाईल पाठवत राहिलो, ती मुंगीच्या पावलाने जात राहिली. पोचल्यावर पाच मिनिटांत डॉक्टरबाईंचा फोन आला : "बुरशीचा संसर्ग वाटतोय. ही पसरते. आजच घेऊन या. अंग गार पडू देऊ नका."

पुणे

अबोलीला बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घालून ठेवलं, खाली गरम पाण्याची पिशवी, आणि खोका इंदूबाईंच्या मांडीवर. दोन दिवसांपूर्वी खोक्यातले रातकिडे पौडच्या गॅरेजवर दाखवणारा मी आता त्याच गॅरेजवरून मान खाली घालून गेलो. इंदूबाई सारखा खोक्यात हात घालून बघत होत्या. भूगावला वाहनांच्या रांगेत वीस मिनिटं अडकलो तेव्हा त्यांनी गार झालेली पिशवी काढून तिला सरळ स्वेटरच्या आत, छातीशी धरलं. माझ्याशी वाटेत एकदाच बोलल्या : "माज्या पोरीच्या लग्नाचं फोटू बी तुमच्यासारक्यानंच काडलंत. इतकी गोरी केलीया, की तिची आजी वळखंना तिला." पुढे चांदणी चौकापर्यंत मी नुसता गाडी चालवत राहिलो.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी अबोलीला तपासलं, डागाचा खरवडलेला कण काचेवर घेतला आणि केसपेपर पुढे ओढला. "कधीपासून आहे हे? किती वाढलं?"

मी इंदूबाईंकडे बघितलं. माझ्या फोनवर हॉलंडहून मृण्मयीही ऐकत होती.

इंदूबाई म्हणाल्या, "भोगीच्या दिशी तिळाएवडा व्हता. पिवळा. मला वाटलं, तीळच चिकाटला. बोटानं काडाया गेले तर निगना. चार दिसांनी बाजरीएवडा. मागल्या सोमवारी जवारीएवडा, आन्‌ तवापास्नं तिनं भोपळा सोडला. कालपास्नं तुरीच्या डाळीएवडा हाय. वास न्हाई. रगत न्हाई. उजव्या अंगाला झोपत न्हाई."

डॉक्टर लिहीत होत्या. तीळ, बाजरी, ज्वारी, तूर, सगळं तसंच्या तसं उतरवून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "इतकी नीट माहिती मला डॉक्टरसुद्धा देत नाहीत. लवकर आणलंत. अजून पंधरा दिवस गेले असते तर हाडापर्यंत गेलं असतं."

पंधरा दिवस. फोनवर मृण्मयी रडायला लागली. "इंदूबाई, माझं चुकलं हो," म्हणाली. इंदूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, तुमी लांब हाय." माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

औषध काही महिन्यांचं होतं, बाकीच्या प्राण्यांपासून वेगळी खोली, आणि दर आठ दिवसांनी जखमेचा फोटो. फोटो म्हटल्यावर मी माझ्या चपला बघायला लागलो. शेवटी इंदूबाई म्हणाल्या, "मामाच काडतील. पर मी शेजारी बसनार."

कोळवण, पुन्हा

पौष सरला, मुहूर्त सुरू झाले, आणि मी दर आठवड्याला एक सकाळ राखून कोळवणला जात राहिलो. तिथे लॅपटॉप न्यायला मला बंदी होती. दिवे नाहीत, मखमल नाही. ओटीवर सकाळच्या उन्हात इंदूबाई तिला धरतात, मी फोटो काढतो, तो त्यांच्या फोनवर जातो आणि त्या स्वतः डॉक्टरांना पाठवतात. हात लावायची भीती केव्हा गेली, ते कळलं नाही. एकदा औषध पाजताना अबोलीने माझा अंगठा चावला, तेव्हा तर मला बरंच वाटलं.

गेल्या खेपेला वाटेवरच्या आंब्यांना कैऱ्या धरल्या होत्या. अबोली उन्हात मान ताठ करून बसली होती. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा इंदूबाईंपुढे धरला. हनुवटीखाली खवले जरा वेडेवाकडे उगवलेले, पण डाग नाही. कुठेच नाही. मला भलताच आनंद झाला.

इंदूबाईंनी पडदा बघितला. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मामा, खरं सांगा. पुसला न्हाई न्हवं?"

"नाही हो. शपथ घेतो. आत्ताच तर काढला, तुमच्यासमोर."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी हात पदराला पुसले, अबोलीला उचललं, तिची मान हलकेच वर केली आणि डोळे मिटून बोटाने तिच्या हनुवटीखाली चाचपलं. एकदा, दोनदा, उलट्या बाजूनेही. मी कॅमेरा हातात घेऊन निकालाची वाट बघत उभा होतो. मग त्यांचं बोट थांबलं, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या तिलाच म्हणाल्या, "बरी झाली गं माजी बाय."

आणि डोळे पुसत मला म्हणाल्या, "हां मामा. ह्यो फोटू खरा हाय."